नव्हत्याचं होतं

रूबेला उतरले तेव्हा
फ्रेंच भूतकाळ मला पाठ होता.
सगळे तक्ते, तिन्ही पुरुष, अपवाद बोटांवर.

राहत होते त्याच्या तळमजल्यावर बुझिदींचा काफे.
पहिल्या सकाळी काउंटरशी म्हटलं,
मला एक कॉफी हवी आहे.
शेजारच्या बाईने कपावरून भुवई उचलली.
इथे म्हणतात, हवी होती.
तहान आत्ताची, नाणी हातात, तरी होती.
मागणं जरा मागे सरकवून ठेवायचं,
म्हणजे ते कुणाच्या अंगावर येत नाही.
मग आठवलं,
दार वाजवून आपणही म्हणतोच की,
"जरा काम होतं."

ती बाई गिलेन देलोबेल.
बावीस वर्षं लोकर विंचरली,
यंत्रांनी कान नेले.
आता ओठ वाचते,
आणि बोलते असं, की समोरचा रस्त्यापलीकडे उभा आहे.
गिरणीचा विषय निघाला की
तिची क्रियापदं थांबत नाहीत.
पाचला उठायचो, चिकोरी उकळायचो,
जिन्यात गायचो,
भुवयांवर लोकर बसायची,
मुकादम ओरडायचा, ऐकू कुणाला यायचं!
कुठून सुरू झालं ते नाही,
कुठे संपेल ते नाही,
नुसत्या चात्या फिरतायत.

आणि मग एकच वाक्य, वेगळ्या काळातलं,
"त्यांनी बंद केली."
मंगळवार. फाटकावर कागद.
त्यानंतर ती साखर ढवळते.
साखर तिने घातलेली नसते.

बुझिदी कप पुसतापुसता म्हणतात,
या भाषेत हरवलेलंसुद्धा जवळ बाळगावं लागतं.
'हरवलं' म्हणायचं तर
'माझ्यापाशी आहे, हरवलेलं' असं म्हणतात.
येणं, जाणं, पडणं, जन्मणं, मरणं,
हे मात्र खिशात मावत नाही.
तिथे माणूस स्वतःच ते होऊन बसतो.
एकाहत्तर साली ते टिझी-उझूहून आले.
त्यांच्या वाक्यात ते अजून
आलेले आहेत.

कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांची नात इनाया
अभ्यास करते, मोठ्याने.
राजा जन्मता झाला, राजा लढता झाला,
राजा मरता झाला.
हा काळ फक्त छापतात, बोलत कुणी नाही.
गिलेन ओठ वाचते आणि हसते,
"असं कुणी मेलं तर
रडायला कोण येणार?"

चारच्या सुमारास, उजेड विटांवरून उतरताना,
ती कुणालाही उद्देशून नाही असं म्हणते,
"आत्ताच बंद केली त्यांनी."
आत्ताच म्हणायला इथे 'येणं' लागतं,
जेवण करून येतोय, म्हणजे नुकता जेवलो.
तसे ते बंद करून येतायत,
तेवीस वर्षं झाली,
अजून कोपऱ्यापर्यंत पोचले नाहीत.
कुणी तिला दुरुस्त करत नाही.
मीही नाही, तक्ते पाठ असून.

काल इनाया वही मिटून बाहेर गेली.
गिरणीच्या भिंतीला पाठ लावून लिझों उभी होती, वय वर्षं सहा.
आपली पोरं म्हणतात, मी चोर, तू पोलीस.
ही पोरं आधी सगळं भूतकाळात मांडून घेतात
आणि मग खेळतात.
"मी मालकीण होते.
तू यंत्र होतीस.
आणि गिरणी चालू होती, हं?"
लिझोंने दोन्ही हात फिरवले,
तोंडाने घर्रर्र सुरू केलं.

होत्याचं नव्हतं झालेलं या गावाने पाहिलंय.
उलट कुणी करून दाखवलं नव्हतं.

काचेतून गिलेन इनायाचे ओठ वाचत होती.
घर्रर्र तिला ऐकू येणं शक्य नव्हतं.
तिने कप खाली ठेवला,
कोट न घालताच दार उघडलं,
आणि रस्त्यापलीकडे, या वेळी खरोखरच पलीकडे,
ओरडून विचारलं,

"आणि मी?
मी कोण होते?"